पहिल्या दिवसाचं कापड

१

जेवणाची सुट्टी संपवून मी सभागृहाचं दार लोटलं, तर बाकावर दोनच्या जागी एकच गुंडाळी होती.

मी बाकाखाली पाहिलं. खिडकीखाली पाहिलं. सतरंज्यांच्या ढिगामागे पाहिलं. तेवढ्यात मागून मैनाबाई आल्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणतं गेलं?"

उरलेल्या गुंडाळीवर मीच टाचलेला कागद होता. माझ्याच ठळक अक्षरात, 'दुसरा दिवस'.

"पहिल्या दिवसाचं," मी म्हणालो.

"पहिल्या दिवसाचं?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. चोरी झाली याचं त्यांना तितकंसं नवल वाटलेलं दिसलं नाही. काय चोरलं, याचं मात्र वाटलं होतं.

ही गोष्ट १९६२ च्या जानेवारीतली. अकोल्याला जठारपेठेच्या पुढे आमच्या बौद्ध उपासक मंडळाची अर्धा एकर जागा होती. तिच्यावर टिनाची एक लांब शेड, तिलाच आम्ही सभागृह म्हणायचो. दोन कडुनिंब, एक विहीर, आणि कधीतरी विहार बांधायचा म्हणून आणून रचलेल्या विटा. अकोला, मूर्तिजापूर, भातकुली या बाजूची अकरा गावं मंडळात होती. मी उत्तमराव तेलगोटे, प्राथमिक शाळेतला मास्तर आणि मंडळाचा चिटणीस.

धम्म घेऊन पाच वर्षं झाली होती. जुनं सोडून दिलं होतं. नवं काय उभं करायचं ते ठरत नव्हतं. सरकारची तिसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झालेली. तेव्हा आमचे अध्यक्ष किसनराव सिरसाट एका बैठकीत म्हणाले, "आपलीबी एक पंचवार्षिक योजना पायजे." मी आठवड्याभरात ती लिहूनही काढली. बारा पानं. मधोमध घुमटाचा मोठा विहार, कारण अध्यक्षांच्या मनात तोच होता.

भातकुलीच्या विकास गटात मैनाबाई पळसपगार नावाच्या ग्रामसेविका होत्या, आमच्याच समाजातल्या. वय पस्तिशीचं, पांढरं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी. त्यांना आम्ही सल्ल्यासाठी बोलावलं. माझी बारा पानं त्यांनी शांतपणे वाचली आणि विचारलं, "मास्तर, हे कोणाकोणाला विचारून लिहिलं?"

विचारलं कुणालाच नव्हतं. तिथूनच ही तीन दिवसांची सभा निघाली.

अशी सभा आम्ही पाहिली नव्हती. व्यासपीठ नाही, हार नाही, भाषण नाही. अकरा गावांची त्रेसष्ट माणसं, बाया आणि बापे, मैनाबाईंनी सात-सात जणांच्या नऊ गटांत बसवली. एका गावची दोन माणसं एका गटात नाहीत. नवरा-बायको वेगळे, सासू-सून वेगळ्या. प्रत्येक गटात एक पितळी फुलपात्र. ते ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मनातली एक गोष्ट एका चिठ्ठीवर. नाव लिहायचं नाही. ज्याला लिहिता येत नाही त्यानं लेखनिक श्रावणच्या कानात सांगायचं, तो लिहून देईल. मग सगळ्या चिठ्ठ्या पांढऱ्या कापडावर टाचायच्या आणि सारख्या चिठ्ठ्या लोकांनीच उठून शेजारी-शेजारी आणायच्या.

पहिल्या दिवसाचा प्रश्न होता, 'दहा वर्षांनी आपल्या लेकरांनी काय पाहावं?' दुसऱ्या दिवसाचा, 'अडतं कुठं?' आणि तिसऱ्या दिवशी ठरवायचं होतं, 'आधी काय?'

अध्यक्षांना मात्र त्यांनी कोणत्याच गटात घेतलं नाही. "दादा, तुम्ही बसलात की बाकीचे बोलत नाहीत. तुम्ही फिरा आणि नुसतं ऐका." किसनरावांना तोंडावर असं कुणी कधी बोललं नव्हतं. पण ते हसले आणि दोन दिवस खरंच नुसतं ऐकत फिरले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत 'अडतं कुठं'चं कापड भरलं. जेवायला उठण्याआधी मैनाबाईंनी सांगितलं, "जेवण झालं की दुसऱ्या दिवसाचं कापड अध्यक्ष स्वतः वाचतील. तक्रार ज्याच्याकडे जायची, त्यानंच ती मोठ्यानं वाचली की मनातलं अर्धं किल्मिष तिथंच धुतलं जातं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर वारा सुटला होता, चिठ्ठ्या फडफडत होत्या, म्हणून मी दोन्ही कापडं उतरवून गुंडाळली, वर कागद टाचले आणि बाकावर ठेवली.

तासाभरात त्यातलं एक गेलं होतं. आणि गेलं ते तक्रारींचं नव्हे, स्वप्नांचं.

२

बातमी लपवायची असा माझा विचार होता. मैनाबाई म्हणाल्या, "ज्यांची वस्तू, त्यांना आधी कळली पाहिजे," आणि त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगून टाकलं.

मग भातकुलीकडचे शालिकराम इंगोले उठले. सालदारकीत केस पिकलेला माणूस, कधी आवाज चढवून न बोलणारा.

"बाई, सकाळी आमी सगळ्यायनं पंचशील म्हटलं. न देलेलं घेनार नाई म्हनून म्हटलं. अन् दुपारी चोरी? अन् कशाची? आमच्या सपन्याची?" त्यांचा आवाज फाटला. "माह्या सुनेनं जिंदगीत पयल्यांदा चार मानसात तोंड उघडलं होतं. पोरीयले अकोल्यात राहून शिकता आलं पायजे, असं लिवून घेतलं तिनं. कोनाले खुपलं ते?"

आणि मग ज्याची मला भीती होती तेच मागून कुणीतरी बोललं. "घुमटाच्या चार चिठ्ठ्या निंगाल्या अन् पोरीयच्या वसतिगृहाच्या एकवीस. मंग कोनाले खुपन?"

माना वळल्या. किसनराव दाराशी उभे होते, उंच, रेल्वेचा जुना काळा कोट अंगात. जमिनीकडे पाहत राहिले.

भातकुलीकडच्या लोकांनी गाठोडी बांधायला घेतली. संध्याकाळच्या पॅसेंजरनं जातो म्हणाले. मूर्तिजापूरवालेही उठले. ती दोन्हीकडची सात गावं गेली असती तर मंडळात चार उरली असती, आणि ती सात पुन्हा कधी आली असती असं मला वाटत नाही.

मैनाबाईंनी त्यांना अडवलं नाही. फक्त विचारलं, "गाडीला किती वेळ आहे?"

"तीन तास."

"मग मला दोन द्या."

३

त्यांनी पहिली गोष्ट केली ती साधी होती. पंगतीला लोक गटागटानंच बसले होते, सात-सात. प्रत्येक गटाला त्यांनी विचारलं, जेवताना आपल्यातलं कुणी उठून गेलं का? सात जणांत एक उठला तर उरलेल्या सहांना दिसतोच. नऊही गटांनी सांगितलं, कुणी हललं नाही.

"मी पंगतीत वाढत होते. म्हणजे पंगतीबाहेर चौघं राहिली," त्या मला म्हणाल्या. "अध्यक्ष, श्रावण, स्वयंपाकाच्या पार्बताबाई. आणि मास्तर, तुम्ही."

"मी शेडला लागून असलेल्या खोलीत इतिवृत्त लिहीत होतो."

"कोणी पाहिलं?"

"कोणीच नाही." आणि मग न राहवून मीच म्हणालो, "माझी बारा पानं त्या कापडानं केरात गेली, हेही सगळ्यांना माहीत आहे."

मैनाबाई हसल्या. "कागद घ्या आणि दाराजवळ बसा. तुम्ही नाही."

"कशावरून?"

"ते नंतर."

एकेकाला बोलावण्याआधी त्यांनी पिशवीतून कोरी चिठ्ठी काढली, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि घडी केली. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

पहिल्या आल्या पार्बताबाई. भातकुलीकडच्याच, एकट्या राहणाऱ्या, पंचावन्नच्या पुढच्या. हाताला पीठ तसंच.

"तुम्ही जेवणाच्या वेळी इकडं आला होता?"

"आली होती ना. मिठाचा डबा इथं राह्यला होता."

"तेव्हा बाकावर काय होतं?"

"दोन्ही गुंडाया होत्या. माह्यं लुगडं अन् ते दुसरं."

मी मान वर केली. पहिल्या दिवशी कापड कमी पडलं तेव्हा पार्बताबाईंनीच आपलं धुतलेलं पांढरं लुगडं काढून दिलं होतं, हे मी विसरलोच होतो.

"तुमचं कोणतं, ते वरच्या कागदावरून ओळखलं?"

"कागद मले काय सांगते बाई? मले वाचता येते कुठं?" त्या सहज म्हणाल्या. "माह्या लुगड्याच्या काठाले रफू आहे. लांबूनच समजते. तेच नेलं मेल्यानं. नेसाचं होतं वो, तीनच तर आहेत!"

मैनाबाईंनी त्यांना चिठ्ठी दाखवलीच नाही.

दुसरा श्रावण खंडारे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, तिशीचा, हुशार आणि थोडा तापट. दोन दिवसांत निम्म्या मंडळाचं मन त्याच्या कानातून कागदावर गेलं होतं.

"जेवताना कुठं होतास?"

"विहिरीवर. बोटाची शाई जात नव्हती." त्यानं हात पुढे केले. "बाई, आपलं मासिक काढाचं, अशी चिठ्ठी मी लावली होती, ती लोकांनी कोपऱ्यात सरकवली. मले राग आला होता, खोटं काहून बोलू? पन दोन दिवस लोकायनं माह्या कानात काय काय सांगतलं, मले माहीत आहे. ते कापड मी जाळीन काय?"

मैनाबाईंनी काही न बोलता चिठ्ठी उघडून त्याच्यासमोर धरली.

श्रावण ताडकन उभा राहिला. गळ्यातला रुमाल झटकून फेकला, खांदा झाडला, पाठ वळवून माझ्याकडे केली. मग थबकला, चिठ्ठीकडे पुन्हा पाहिलं आणि ओशाळून हसला. "काय बाई हे!"

"काही नाही. जा आता. बाहेर बोलू नको."

मला काहीच उलगडा होईना.

तिसरे किसनराव आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"जेवणाच्या वेळी कुठं होता, दादा?"

"इटाईकडं होतो. एकटाच. भूक नव्हती." थोडं थांबून ते म्हणाले, "लोक मले चोर म्हनून राहिले. म्हनू द्या."

मैनाबाईंनी तीच चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. किसनरावांनी ती डोळ्यांपासून दूर धरली, जरा जवळ आणली, बराच वेळ गंभीरपणे पाहिली. खांद्यांनी कसलीही हालचाल केली नाही.

"समजलं," ते शेवटी म्हणाले. "हे कोनं लिवलं असंन तेबी समजलं. पन मी रागावत नाई. लिवनाऱ्याचं मन मोकयं होऊ द्या."

मैनाबाईंनी चिठ्ठी परत घेतली, हळुवारपणे तिची घडी केली, आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"बरं दादा," त्या म्हणाल्या. "एवढंच."

ते गेल्यावर मी विचारलं, "आता?"

"आता मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आणि मास्तर, माहीत नसतं तर बरं झालं असतं."

४

आम्ही कडुनिंबाखाली उभे होतो. दीड तास संपत आला होता.

"सगळे एकाच गोष्टीवर अडकले," मैनाबाई म्हणाल्या. "स्वप्नांचं कापड कोणाला नको होतं? कोणाला खुपलं? मीही आधी तेच विचारत होते. मग वाटलं, प्रश्नच चुकतोय. जेवणाआधी मी काय सांगितलं होतं?"

"की दुसऱ्या दिवसाचं कापड वाचलं जाईल."

"म्हणजे त्या तासात कोणाला भीती वाटायची तर दुसऱ्या दिवसाच्या कापडाची. पहिल्या दिवसाचं कापड चोराला नकोच होतं. त्यानं ते चुकून उचललं."

"चुकून कसं? वर एवढ्या मोठ्या अक्षरात मी..." आणि मी थांबलो.

"हो. तुम्ही लिहिलं होतं, म्हणून तुम्ही चुकला नसता. श्रावण तर उलटे खिळे वाचतो. पार्बताबाईंना वाचता येत नाही, पण त्यांना वाचायची गरजच नाही, रफू दिसतं. चौघांत चुकू शकेल असा एकच माणूस उरतो. ज्याला कागद वाचता येत नाही आणि लुगड्याचा काठही ओळखू येत नाही."

मला ते वाक्य समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलो. "अध्यक्ष? किसनदादांना वाचता येत नाही? बाई, चौदा वर्षं मी त्यांच्यासोबत आहे!"

"चौदा वर्षांत त्यांना वाचताना पाहिलं?"

प्रत्येक पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं होतं. "मास्तर, वाचा, तुमचा आवाज खनखनीत आहे." कधी चष्मा घरी राहिलेला, कधी दिवा मंद. अर्जाखाली सही करताना ते एकेक अक्षर इतकं जपून काढत की आम्हाला त्यात रुबाब वाटायचा. आणि मी, माणसांना वाचायला शिकवणं हाच ज्याचा धंदा, मी त्या कौतुकावर खूश होऊन चौदा वर्षं वाचत राहिलो.

"त्या चिठ्ठीत काय होतं?"

त्यांनी ती मला दिली. पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'तुमच्या खांद्यावर विंचू आहे.'

मी स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. पाहिल्यावर लाज वाटली.

"कापडावर काय लिहिलं आहे, याची भीती नव्हती त्यांना," मैनाबाई म्हणाल्या. "शिव्या लिहिल्या असत्या तरी त्यांनी ऐकून घेतल्या असत्या. त्रेसष्ट माणसांसमोर उभं राहून वाचता न येण्याची भीती होती. आणि त्यांना तिथं उभं मी केलं. ही चूक माझी, मास्तर. गटात कोणाला लिहिता येत नाही हे मी विचारलं. अध्यक्षांना विचारायचं मला सुचलं नाही."

"मग आता सभेत सांगायचं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरलो. "पहिल्या दिवशी मी काय शब्द दिला होता? इथं बोललेलं कोणाच्या नावावर जाणार नाही. तो शब्द चांगल्या माणसांपुरता नव्हता."

त्या एकट्याच विटांकडे गेल्या. मी लांबून पाहत होतो. किसनराव विटांवर बसले होते. मैनाबाई त्यांच्यासमोर खाली मातीत बसल्या. फार थोडं बोलल्या. मग उठल्या आणि परत आल्या.

हात रिकामेच होते.

५

लोक गाठोडी बाजूला ठेवून बसले होते, पण गाठी सोडल्या नव्हत्या.

"कोन आहे?" शालिकरामांनी विचारलं.

"मला कळलं आहे," मैनाबाई म्हणाल्या. "आणि मी सांगणार नाही. तुम्हाला वाटतं तसं नाही, एवढंच सांगते. तुमची स्वप्नं कोणी चोरली नाहीत."

"वा! मंग कापड कुठं आहे?"

"ते माझ्या हातात नाही. तुमच्यापैकी कोणाला माझ्यावर भरवसा ठेवायचा नसेल तर गाडीला अजून वेळ आहे. मी राग मानणार नाही."

कुजबुज वाढली. दोन-तीन माणसं उठली. माझं लक्ष दाराकडे होतं आणि मला मनातून वाटत होतं की ते येणार नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर आलो नसतो.

किसनराव आले.

कोट त्यांनी काढून हातावर घेतला होता, आणि कोटाच्या घडीत ते लुगडं होतं, नीट गुंडाळलेलं, एकही टाचणी न सुटलेलं. सरळ मधोमध येऊन त्यांनी ते पार्बताबाईंपुढे ठेवलं. मग खाली वाकून सगळ्यात जवळच्या गटाचं फुलपात्र उचललं आणि दोन्ही हातांत धरलं.

सभा शांत झाली. तो नियम आता सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

"मी नेलं," ते म्हणाले. "अन् चुकीचं नेलं. मले दुसरं न्यायचं होतं. वर काय लिवलं ते मले वाचता आलं नाई. मले काईच वाचता येत नाई."

ते शालिकरामांकडे वळले.

"लहानपनी दीड दिवस शायेत गेलो. दाराबाहीर बसवलं होतं. पाटी आत होती, मी बाहीर. परत नाई गेलो. रेल्वेत लागलो, मुकादम झालो, एका बाबूनं सही शिकवली. ते चित्र आहे, बाप्पा, ते काई अक्षर नाई. मंग धम्म घेतला. गावोगाव फिरून मी तुमाले सांगतलं, लेकरं शायेत घाला. अन् लोक म्हनाले, हे अध्यक्ष. तवा सांगाचं होतं. नाई सांगतलं. मंग रोज एक दिवस उशीर होत गेला." त्यांनी फुलपात्र घट्ट धरलं. "बाईनं आज मले म्हटलं, कापड तेवढं द्या, बाकी मी मरेपर्यंत बोलनार नाई. त्यायनं नाई सांगतलं. मी सांगून राहिलो. मले अध्यक्ष ठेवू नका. पन गावं फोडू नका."

त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं. ते कोणी उचलतं का, हे मी पाहत होतो.

उचललं पार्बताबाईंनी. त्या कोणत्याच गटात नव्हत्या, त्यांना बोलायची पाळीच आली नव्हती.

"श्रावण," त्या म्हणाल्या, "एक चिठ्ठी घे. 'अडतं कुठं'च्या कापडावर लाव. लिव, पार्बतीले वाचता येत नाई. नाव टाकून लिव. मले लाज नाई."

"नाव टाकायचं नसतं," श्रावण पुटपुटला.

"माह्यं आहे. मी टाकते."

मग फुलपात्र हातोहात फिरलं. शालिकरामांनी घेतलं. "माह्यंबी लिव." त्यांच्या सुनेनं घेतलं. मूर्तिजापूरचे दोघं भाऊ, मागच्या बाजूच्या बाया. श्रावणचे हात पुरेनात, म्हणून मीही लिहायला बसलो. एकेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. पाच वर्षं आम्ही शिक्षणावर ठराव करत होतो आणि आमच्यातले किती जण तो ठराव वाचू शकत नाहीत, हे कुणी मोजलं नव्हतं.

अध्यक्षपदाचं कुणी नावही काढलं नाही. संध्याकाळची पॅसेंजर भातकुलीच्या माणसांवाचून गेली.

तिसऱ्या दिवशी मैनाबाईंनी प्रत्येकाच्या हातावर तुरीचे तीन दाणे ठेवले. जे आधी व्हावं वाटतं त्याच्या चिठ्ठीपुढे दाणे टाकायचे. तिन्ही एकीकडे टाका की वाटून टाका. दुपारपर्यंत आमची योजना तयार होती, आणि ती एका पानात मावली. पहिलं, मोठ्यांचा अक्षरवर्ग, दर रविवारी, याच शेडमध्ये. दुसरं, पोरींसाठी अकोल्यात वसतिगृह. तिसरं, विहार. किसनरावांनी आपले तिन्ही दाणे वसतिगृहापुढे ठेवले. घुमटापुढे एकही नाही.

ते पान मी लिहिलं. पण ते माझं नव्हतं, आणि म्हणूनच ते टिकलं. मैनाबाई त्याच संध्याकाळी निघून गेल्या. आभाराचं भाषण करू दिलं नाही. मी बरेच मोठे लोक पाहिले, पण खोलीतल्या प्रत्येक माणसाला आपण मोठे आहोत असं वाटायला लावून स्वतः पिशवी उचलून चालू लागणारी तेवढी एकच.

६

पहिल्या रविवारी सव्वीस जण आले. मी फळ्यावर सोपे शब्द लिहिले होते. कमळ, घर, नळ.

किसनराव पुढे बसले होते. पाटी मांडीवर, पेन्सिल पहारीसारखी धरलेली. वर्ग सुटल्यावर ते एकटेच मागे राहिले.

"मास्तर, मले 'रुख्मिणी' लिवून द्या."

"दादा, तो शब्द कठीण आहे. जोडाक्षर आहे. दोन-तीन महिने जाऊ द्या."

"नाई. आधी तेच." त्यांनी पाटी पुसून माझ्यापुढे धरली. "बत्तीस वर्षं झाले लग्नाले. घरी कागद आला की ती शेजारच्या मास्तरनीकडं घेऊन जाये. म्हने, यायले सवड नाई, तुमी वाचून सांगा. मंग घरी येऊन मले सगळं सांगे, तोंडपाठ. कोनाले कयू नाई देलं. मले कधी बोलूनबी नाई दाखवलं."

मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ते गिरवत राहिले. 'रु' लवकर आला. 'ख्मि' काही केल्या जमेना. 'ख' मोडला जाई, वेलांटी भलतीकडे जाई. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी दुपारी उन्हाची तिरीप शेडच्या दारातून आत आली होती, आणि त्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवली. अक्षरं वाकडी होती, वरची रेघ चढत गेली होती, पण शब्द बरोबर होता.

"पुसू नका," ते घाईनं म्हणाले आणि पाटी काढून घेतली. धोतराच्या सोग्यानं ती अलगद झाकली, अक्षरांना कापड लागणार नाही अशी, आणि पूजेचं ताट धरावं तशी दोन्ही हातांवर घेऊन उठले. घर चार मैलांवर होतं.

"दादा, वहिनींना वाचता येतं?" मी विचारलं.

"तिले कुठं येते?" किसनराव दारातून म्हणाले. "मीच वाचून दाखवीन ना."